महागड्या हेडफोनचे पैसे वसूल कसे व्हावेत?

कानाला लावायच्या वस्तूवर पंचवीस-तीस हजार रुपये खर्च करणारा माणूस पूर्वी आपल्याकडे सहसा आढळत नसे. टेपरेकॉर्डरबरोबर आलेला हेडफोन तुटेपर्यंत वापरायचा आणि तुटला की लॅमिंग्टन रोडवरून दुसरा आणायचा, एवढाच काय तो व्यवहार असे. आता चित्र बदलले आहे. नोकरीला लागलेली तरुण मुले, आखाती देशांतून सुटीवर येणारी मंडळी, घरी बसून ध्वनिमुद्रणाची कामे करणारे कलाकार असे सर्वजण उंची हेडफोनच्या चौकशीला बाजारात येऊ लागले आहेत. किंमत वीस-पंचवीस हजारांपासून सुरू होते आणि लाखाच्या पुढे कुठे थांबेल याचा नेम नसतो. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने २०१५ साली जाहीर केलेल्या एचई १ या संचाची किंमत तर पन्नास हजार युरोच्या घरात होती. त्या दालनात आपल्याला शिरायचे नाही.

आम्हाला येथे विचार करायचा आहे तो मधल्या गिऱ्हाइकाचा. त्याने साठवलेल्या पैशातून एक चांगला हेडफोन घेतला, घरी आणून मोबाईलला लावला आणि त्याच्या लक्षात आले की आवाज बारीक येतो, खर्ज फिका वाटतो आणि दोन हजारांच्या जुन्या हेडफोनपेक्षा काही खास ऐकू येत नाही. तो दुकानात परत जातो. तेथे त्याला सांगितले जाते की याला भारी वायर लागेल, किंवा दोनशे तास वाजवत ठेवा मग तो "मोकळा" होईल, किंवा गाणी साधी असून उपयोग नाही, हाय-रिझोल्यूशनच हवीत. बिचारा आणखी दहा-पंधरा हजार घालतो. आवाज होता तेथेच राहतो.

या सगळ्या व्यवहारात मूळ चूक खर्चाच्या क्रमाची आहे. हेडफोनचा आवाज कशाने सुधारतो याचा हिशेब मांडला तर सर्वांत वर ज्या गोष्टी येतात त्यांना पैसे कमी लागतात किंवा लागतच नाहीत. ज्यांना सर्वांत जास्त पैसे लागतात त्या गोष्टी यादीच्या तळाशी आहेत. दुकानाच्या काउंटरवर मात्र ही यादी उलटी करून वाचली जाते.

उदाहरणासाठी आम्ही सेनहायझरचाच एचडी ६०० हा हेडफोन घेतो. तो १९९७ साली बाजारात आला आणि इतक्या वर्षांनंतरही जाणकार त्याच्याशीच इतरांची तुलना करतात. (सेनहायझरचा हा घरगुती मालाचा विभाग २०२२ साली श्रवणयंत्रे बनवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या सोनोव्हा कंपनीकडे गेला, हे व्यापारी बंधूंनी जाता जाता ध्यानात ठेवावे.)

आधी कानावर नीट बसवा

हेडफोनची गादी आणि आपले डोके यांच्यामध्ये फट राहिली की खर्ज त्या फटीतून निघून जातो. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये हा प्रकार फार होतो. चष्म्याची जाड काडी, कानावरचे केस, टोपीची किनार यांपैकी काहीही गादीखाली आले की खालच्या पट्टीत दहा दहा डेसिबलची घसरण मापनात दिसू शकते. दहा डेसिबल म्हणजे कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटणे. तबल्याचा बायाँ नुसता टकटक वाजतो, त्यातली घुमारी जाते. असा अनुभव आला तर प्रथम दोन्ही हातांनी गाद्या हलकेच दाबून पाहाव्यात. दाबल्यावर खर्ज एकदम भरून आला तर दोष हेडफोनचा नाही आणि मोबाईलचाही नाही. पट्टी एक-दोन खाचा वर-खाली करावी, गादी कानाच्या मागे जबड्याच्या वर नीट टेकते का ते पाहावे, चष्मा असल्यास बारीक काडीचा वापरावा. यात एक पैसा खर्च नाही.

एचडी ६०० सारखा उघड्या पाठीचा हेडफोन फटीच्या बाबतीत थोडा सोशिक असतो. त्याचा प्रश्न वेगळा. त्याच्या पाठीला जाळी असते. आतला आवाज बाहेर आणि बाहेरचा आत, असा खुला कारभार. ही पद्धत सेनहायझरनेच १९६८ साली एचडी ४१४ या पिवळ्या फोमच्या गादीच्या हेडफोनने रूढ केली. तिच्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, हे खरे. पण आपल्याकडे डोक्यावर पंखा फिरत असतो, खिडकीखाली रिक्षा उभ्या असतात आणि शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी होते. बाहेरच्या गलबल्यावर मात करण्यासाठी ऐकणारा आवाज वाढवत जातो आणि शेवटी ना बारकावे ऐकू येतात ना कानाला सुख लाभते. ज्याला दिवसा, भरल्या घरात किंवा लोकलमध्ये ऐकायचे आहे त्याला उघडा हेडफोन विकणे म्हणजे त्याची फसवणूक आहे, मग तो हेडफोन कितीही नावाजलेला असो. रात्री सामसूम झाल्यावर तासभर ऐकणाऱ्यासाठी मात्र तो उत्तम.

गाद्यांबद्दल आणखी एक गोष्ट. गादी हा आवाजाचाच भाग आहे. ती चपटी झाली की कान आतल्या पडद्याच्या जवळ जातो आणि स्वरांचा तोल बिघडतो. कोकणासारख्या दमट हवेत नकली चामड्याच्या गाद्यांचे पापुद्रे सुटतात, आतला फोम चुरा होऊन कानात पडतो. रोज वापर असेल तर एक-दोन वर्षांत गाद्या बदलाव्या लागतात. बदलताना कंपनीच्याच घ्याव्यात. बाजारात मिळणाऱ्या जाडजूड "सुधारित" गाद्या दिसायला छान असतात, पण त्यांनी आवाज बदलतो आणि तो चांगल्याकडेच बदलेल याची कोणी हमी देत नाही. खूप वर्षे वापरून आवाज बिघडला म्हणून टाकून दिलेले कितीतरी हेडफोन नव्या गाद्या मिळताच पूर्ववत होतात.

ताकदीचा हिशेब

आता सर्वांत जास्त गैरसमज असलेल्या विषयाकडे वळू. "या हेडफोनला ॲम्प्लिफायर लागतो का?" हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारते आणि उत्तर बहुधा दुकानात कोणता ॲम्प्लिफायर पडून आहे त्यावर ठरते. वास्तविक हा साध्या गणिताचा प्रश्न आहे आणि त्याला लागणारे दोन आकडे खोक्यावर छापलेले असतात. एक इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. तो ओहममध्ये देतात. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिली असता किती डेसिबल आवाज निघतो तो आकडा.

एचडी ६०० चा अडथळा ३०० ओहम आहे. एक मिलिवॅट विजेवर तो साधारण ९७ ते ९८ डेसिबल आवाज देतो. संगीतातला एखादा जोरकस क्षण, तबल्याची थाप किंवा तानेचा शिखरावरचा स्वर, विकृती न येता उमटावा म्हणून आपण ११० डेसिबलची क्षमता हाताशी हवी असे धरू. म्हणजे बारा-तेरा डेसिबल अधिक. दर दहा डेसिबलला वीज दहापट लागते, या हिशेबाने सुमारे १७ मिलिवॅट पुरतात. वीज फारच थोडी आहे. पण ३०० ओहमच्या अडथळ्यातून ती ढकलायला सव्वादोन व्होल्टचा दाब लागतो आणि मोबाईलला लावायच्या साध्या जोडाकडे बहुधा एक व्होल्टच असतो. नडते ते येथे. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक गेले. तेव्हापासून अशा छोट्या जोडांचा धंदा वाढला आहे आणि त्यांतल्या चांगल्या जोडांचा दाब दोन व्होल्ट किंवा त्याहून अधिक असतो. असा जोड हजार-दोन हजारांत किंवा थोड्या अधिक किमतीत मिळाला तर एचडी ६०० चे काम बव्हंशी भागते. चित्रपटगीते, गझल, कव्वाली ऐकणाऱ्याला तेवढे पुरे. ज्या ध्वनिमुद्रणात अगदी हळू आणि अगदी जोरात यांत मोठे अंतर असते, उदाहरणार्थ पाश्चात्त्य वाद्यवृंद, तेथे टेबलावरचा ॲम्प्लिफायर घेतल्याचे समाधान मिळेल.

याउलट हायफायमॅन या चिनी कंपनीचा एचई-६ पाहा. त्याचा अडथळा अवघा ५० ओहम. "तीनशे ओहमचा भारी, पन्नास ओहमचा हलका" असे समजणारा दुकानदार त्याला मोबाईलवर सहज चालणारा म्हणून देऊन टाकील. पण त्याची सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला ८३.५ डेसिबल इतकी कमी आहे. वरच्याच हिशेबाने ११० डेसिबलसाठी त्याला जवळजवळ ४५० मिलिवॅट लागतात, म्हणजे एचडी ६०० च्या पंचवीसपटीहून अधिक. दाब साडेचार व्होल्टच्या वर आणि प्रवाह ९० मिलिअँपिअरच्या पुढे. मोबाईलच्या जोडाला हे झेपणारे नाही. काही लोक हा हेडफोन मोठ्या स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला जोडून ऐकत, ते उगाच नव्हे. तेव्हा केवळ ओहम पाहून निर्णय करू नये. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत.

तिसरा एक आकडा असतो, त्याची कोणी चौकशीच करीत नाही. तो म्हणजे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अडथळा, ज्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. हा हेडफोनच्या अडथळ्याच्या आठव्या हिश्शाहून अधिक नसावा, असा ठोकताळा आहे. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम, १६ ओहमच्याला २ ओहम. कारण असे की हेडफोनचा अडथळा सर्व स्वरांना सारखा नसतो. एचडी ६०० चा ३०० हा आकडा नावापुरता. खर्जाच्या एका टप्प्यावर तो पाचशे ओहमच्या वर जातो. जुन्या पद्धतीच्या काही यंत्रांना १२० ओहमचा अडथळा असे. तशा यंत्रावर हा हेडफोन लावला तर खर्ज सुमारे एक डेसिबलने उचलला जातो. एवढे काही बिघडत नाही, कित्येकांना ते आवडतेही. पण कानाच्या आत घालायचे काही महागडे इयरफोन असतात, त्यांत प्रत्येकी चार-पाच ड्रायव्हर बसवलेले असतात आणि त्यांचा अडथळा एका स्वराला ८ ओहम तर दुसऱ्याला ४० ओहम असा नाचतो. त्यांना १० ओहमच्या यंत्रावर लावले तर स्वरांच्या तोलात पाच डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे कंपनीने बनवलेला आवाज राहतच नाही, भलताच कोणीतरी गाऊ लागतो. अशा वेळी गिऱ्हाईक इयरफोनला दोष देते. पडद्यावर चपटी तार पसरलेले, ज्यांना प्लॅनर म्हणतात ते हेडफोन या त्रासातून मुक्त असतात, कारण त्यांचा अडथळा जवळजवळ सपाट असतो.

जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर म्हणजे जास्त चांगला, ही समजूतही सोडून द्यावी. नाजूक इयरफोन दांडग्या यंत्राला लावला की शांत जागी "स्स्स" असा खरखराट ऐकू येतो. आवाजाचे बटण जरासे फिरवताच कान फाटतो. शिवाय स्वस्त बटणे अगदी खालच्या टप्प्यावर डावा-उजवा तोल सांभाळत नाहीत, गायक एका बाजूला सरकतो. ज्याला जेवढी भूक तेवढेच वाढावे.

बिनतारी हेडफोन घेणाऱ्यांना यातले काहीच लागू नाही. त्यांच्यात ॲम्प्लिफायर आतच असतो आणि कंपनीने तो जुळवूनच दिलेला असतो. ब्लूटूथने पाठवताना काही माहिती गाळली जाते. सीडीचा ओघ सेकंदाला १,४११ किलोबिट, तर सोनीची एलडॅक पद्धत फार तर ९९० पर्यंत जाते. पण रस्त्यावर चालताना हा फरक शोधणाऱ्याचे कौतुकच करावे लागेल.

स्वर जुळवण्याची फुकट सोय

आमच्या मते उंची हेडफोनचा आवाज सुधारण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय इक्वलायझर हाच आहे. दुर्दैवाने शौकीन मंडळींत त्याला कमीपणाचे मानले जाते. "एवढा महाग हेडफोन घेतला आणि बेस-ट्रेबल फिरवत बसायचे?" असा त्यांचा सवाल असतो. त्यांना आम्ही एक गोष्ट सांगू इच्छितो. २०१७ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २८३ हेडफोनांच्या मापनावर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की हेडफोनची किंमत आणि त्याच्या स्वरांचा तोल यांचा परस्परांशी संबंध आढळत नाही. महाग हेडफोनचा पडदा चांगला असेल, विकृती कमी असेल, बांधणी टिकाऊ असेल. स्वरांचा तोल मात्र तपासूनच घ्यावा लागतो.

हा तोल कसा असावा यावर हार्मन कंपनीचे शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ नंतरच्या काही वर्षांत मोठे काम केले. वेगवेगळ्या लोकांना आंधळ्या चाचणीत हेडफोन ऐकवून बहुसंख्यांना कोणता तोल पसंत पडतो याचा एक आलेख त्यांनी तयार केला. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतात, त्याच्या जवळ जाणारा हा आलेख आहे. तीन हजार हर्ट्झच्या आसपास त्यात उंचवटा आहे, कारण समोरून येणारा आवाज आपल्या कानाची पाळी आणि नळी तेथेच वाढवते. हेडफोन कानाला चिकटलेला असल्याने ती भर त्याला स्वतः घालावी लागते. खर्जातही थोडी चढण आहे.

या आलेखाशी ताडून पाहिले की नामांकित हेडफोनांचे स्वभाव उघड होतात. एचडी ६०० चा मधला भाग, जेथे माणसाचा कंठ राहतो, फार सुरेख आहे. पण शंभर हर्ट्झच्या खाली तो उतरत जातो. बायर्डायनॅमिकच्या डीटी ९९० मध्ये आठ हजारांजवळ टोक आहे, म्हणून "स" आणि "श" टोचतात. सेनहायझरच्याच २००९ च्या एचडी ८०० मध्ये सहा हजारांजवळ उंचवटा होता. पुढे कंपनीने एचडी ८०० एस काढून त्यात शोषक बसवला आणि तो खाली आणला. लाखाच्या घरातल्या मालाची ही कथा आहे.

संगणकावर इक्वलायझर एपीओ नावाची प्रणाली फुकट मिळते. मोबाईलवरही अशा सोयी आहेत. एचडी ६०० साठी शंभर हर्ट्झच्या खालचा भाग पाच-सहा डेसिबल उचलावा. उचलण्यापूर्वी एकूण आवाज तेवढ्याच डेसिबलने कमी करून ठेवावा, नाहीतर शिखरे कापली जाऊन फाटका आवाज येईल. ही खबरदारी न घेतल्यामुळेच इक्वलायझर बदनाम झाला आहे. टोचणारा भाग दोन-तीन डेसिबलने दाबणे हे उचलण्यापेक्षा नेहमी सुरक्षित. एकदम दहा-दहा डेसिबल उचलू नये. पडद्याला तेवढे हलता येत नाही. संगणकात आवाज "सुधारण्याच्या" ज्या आपोआप चालणाऱ्या सोयी कंपन्यांनी घालून ठेवलेल्या असतात त्या आधी बंद कराव्यात. दोन हलवाई एकाच कढईत साखर घालू लागले तर काय होईल, तसाच प्रकार त्यांच्यामुळे होतो.

काउंटरवरचा उपदेश

आता त्या भारी वायरीकडे येऊ. एखाद्या साध्या वायरीचा अडथळा अर्धा ओहम धरला तरी ३०० ओहमच्या हेडफोनसमोर तो आवाजात दीडशतांश डेसिबलचाही फरक करीत नाही. तो कोणाच्याही कानाला ऐकू येणे शक्य नाही. वायर तुटकी नसावी, जोड सैल नसावा, कपड्याला घासून खसखस येत नसावी, एवढेच पाहावे. बॅलन्स्ड म्हणून मिळणाऱ्या वायरीचा उपयोग असतो, पण तो वायरीचा गुण नव्हे. काही यंत्रे त्या जोडावर दुप्पट दाब देतात, म्हणून आवाज मोठा येतो.

हेडफोन दोनशे तास वाजवत ठेवण्याचा सल्ला वरकरणी निरुपद्रवी वाटतो. मापनात असा फरक कोणी दाखवलाच तर तो हेडफोन डोक्यावर थोडा सरकल्याने होणाऱ्या फरकापेक्षाही लहान असतो. मऊ होतात त्या गाद्या, आणि सवय होते ती आपल्या कानाला. पण हा सल्ला निरुपद्रवी नाही. दोनशे तास म्हणजे रात्रंदिवस वाजवले तरी आठ दिवसांच्या वर. तोवर माल परत करण्याची मुदत पुष्कळ ठिकाणी संपलेली असते. नापसंत माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात कायमचा राहतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांत आवाज पसंत पडला नाही तर तो परत करावा, वाट पाहू नये.

हाय-रिझोल्यूशनच्या बाबतीत १९८२ साली आलेली सीडीच अजून मोजमाप म्हणून पुरते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले की २२ हजार हर्ट्झपर्यंतचा स्वर पकडता येतो आणि माणसाचा कान फार तर २० हजारांपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. बोस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी २००७ साली उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जाला उतरवलेले, असे आलटून पालटून ऐकवले. ५५४ वेळा विचारणा केली. २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी इतकीच आली असती. लंडनच्या जोशुआ रीस यांनी २०१६ साली अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. शिकवून तयार केलेल्या श्रोत्यांचे त्याहून अधिक होते. म्हणजे फरक असलाच तर तो इतका बारीक. मूळ ध्वनिमुद्रण कसे झाले आहे याने पडणारा फरक त्याच्या कितीतरी पट असतो. जुन्या ७८ गतीच्या तबकडीवरून घेतलेली ठुमरी कोणत्याही आकड्याच्या फाइलीत घातली तरी तबकडीवर होते तेवढेच त्यात असणार. उलट चांगला हेडफोन तिची खरखर अधिक स्पष्ट ऐकवील. एकाच गाण्याच्या दोन-तीन आवृत्त्या मिळत असतील तर त्यांतली आवाज न फुगवलेली निवडणे, हा खरा शहाणपणा. ॲपल म्युझिकने २०२१ साली सीडीच्या दर्जाची गाणी जादा पैसे न घेता देण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यासाठी वेगळा खर्च करण्याचे कारण तसेही उरलेले नाही.

खरेदीला जाताना

दुकानात दोन हेडफोन ऐकताना जो जरा मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतो. हा कानाचा धर्मच आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले की आवाज मोठा झाला की खर्ज अधिक भरतो. विकणाऱ्याला ज्या हेडफोनमध्ये नफा अधिक, त्याचे बटण थोडे पुढे सरकवले की काम झाले. बोलावेही लागत नाही. म्हणून बटण आपल्या हाती ठेवावे आणि दोन्हींतला गायकाचा आवाज सारखा वाटेपर्यंत फिरवावे. ऐकायला आपलेच गाणे न्यावे, दुकानातले चकचकीत नमुने नकोत. पेटी आणि कंठ एकमेकांत मिसळतात की वेगळे राहतात, टाळ्यांचा कडकडाट हा टाळ्यांसारखा वाटतो की तेलात फोडणी पडल्यासारखा, तंबोऱ्याची तार संपेपर्यंत ऐकू येते का, इतके पाहिले तरी पुष्कळ कळते. आणि दहा मिनिटांत भुलवणारा आवाज तासाभराने डोके दुखवू शकतो, म्हणून घाई करू नये.

दुबईहून कोणी येत असेल तर त्याच्याकडून मागवण्याची आपल्याकडे रीत आहे. किमतीत फरक पडतो, हे मान्य. परंतु अनेक कंपन्यांची हमी ज्या देशात माल विकला त्याच देशापुरती असते. वाचलेले पाच हजार रुपये आणि बिघडल्यावर पदरात पडणारा नकार, यांचा हिशेब आधी करावा. पावती मागून घ्यावी.

आणि आवाज किती ठेवावा? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. चांगल्या हेडफोनमध्ये हा धोका अधिक आहे, कारण त्यात विकृती नसल्याने मोठा आवाज मोठा वाटत नाही. स्वस्त हेडफोन फाटू लागला की हात आपोआप बटणाकडे जातो. येथे तो इशारा मिळत नाही. कानातला गेलेला पेशी-केस परत उगवत नाही आणि त्याची गादीसारखी जोडीही बाजारात मिळत नाही. रात्री ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी बटण आहे त्याच्या बरेच खाली ठेवावे.

शेवटी आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी थोडे. एचडी ६०० सारखे हेडफोन असे बनवलेले आहेत की त्यांच्या गाद्या, वायर, डोक्यावरची पट्टी आणि ड्रायव्हरसुद्धा सुटे करून बदलता येतात. नवा हेडफोन विकून जो एकदाच नफा होतो त्यापेक्षा गाद्या बदलणे, तुटलेल्या वायरीला नवा पिन डाखणे, सैल जोड दुरुस्त करणे या कामांत वर्षानुवर्षे गिऱ्हाईक येत राहते. त्यासाठी एक डाख देण्याची इस्त्री, एक मल्टिमीटर आणि कंपनीच्या अस्सल सुट्या भागांचा थोडा साठा एवढेच भांडवल लागते. मल्टिमीटरने दोन्ही बाजूंचा अडथळा मोजून पाहिला तर जुना हेडफोन घेतानाही फसगत टळते: दोन्हीकडे आकडा जवळपास सारखा आला पाहिजे. एकीकडे तीनशेच्या आसपास आणि दुसरीकडे काटाच हलत नसेल तर वायर काढून दुसरी लावून पाहावी. तरीही हलला नाही तर ड्रायव्हर गेला असे समजून किंमत करावी.